लुइझा ॲटकिन्सन: रानात रमलेली कादंबरीकार

१८५७ साल. सिडनीत 'गर्ट्रूड द एमिग्रंट' नावाची कादंबरी निघाली. पुस्तकावर लेखिकेचं नाव नाही, नुसतं 'एक ऑस्ट्रेलियन स्त्री' असं छापलेलं. आतली चित्रंही तिनंच काढलेली. ही स्त्री म्हणजे तेवीस वर्षांची लुइझा ॲटकिन्सन. ऑस्ट्रेलियातच जन्मलेल्या बाईची कादंबरी छापून आली, ती ही पहिलीच.

लुइझाचा जन्म १८३४ चा, न्यू साउथ वेल्समधल्या ओल्डबरीच्या मळ्यावर. ती तान्ही असतानाच वडील गेले. आई शार्लटनं दुसरं लग्न केलं. तो नवरा दारुडा आणि मारकुटा निघाला. १८३९ मध्ये शार्लटनं चार लेकरं घेतली, बैलांच्या पाठीवर सामान लादलं आणि शोलहेवनच्या खोल दऱ्या उतरून ती घराबाहेर पडली. पुढे लुइझाच्या वडिलांच्या मृत्युपत्राचे विश्वस्त मुलंच काढून घ्यायला निघाले, तेव्हा ती कोर्टात उभी राहिली. १८४१ मध्ये मुलं तिच्याकडेच राहिली. त्याच वर्षी तिनं लिहिलेलं मुलांचं पुस्तक आलं. ऑस्ट्रेलियात छापलेलं ते पहिलं बालपुस्तक मानतात. लुइझाची तब्येत तोळामासा, त्यामुळे तिचं शिक्षण झालं ते या आईच्याच हाताखाली. मुलीची नजर आणि हिंमत दोन्ही तिथूनच आली, असं मला ठामपणे वाटतं.

पुढे मायलेकी ब्लू माउंटन्सच्या कुराजोंग भागात राहायला गेल्या. तिथे लुइझा तट्टावरून, पायी, कडेकपारी धुंडाळायची. त्यासाठी चक्क पँट घालायची, आणि वसाहतीतल्या बायका कुजबुजायच्या. तिनं रोपं गोळा केली, वाळवली, रंगवली आणि वनस्पतिशास्त्रज्ञ फर्डिनांड फॉन म्यूलर यांच्यापर्यंत पोचवली. एका झुडपाला म्यूलर यांनी तिचं नाव दिलं: ॲटकिन्सोनिया. हे झुडूप बांडगुळाच्या कुळातलं, पण फांदीवर नाही, जमिनीतून वाढतं आणि शेजारच्या झाडांच्या मुळांमधून रस ओढून घेतं. वरून पाहिलं तर साधीसुधी हिरवी झुडपं. अशा झाडापाशी थांबायला सवड आणि जिव्हाळा, दोन्ही लागतात.

१८६० पासून ती 'सिडनी मॉर्निंग हेरल्ड'मध्ये रानावर लेख लिहू लागली. सरसकट झाडतोडीनं जमिनीचं काय होईल, याची चिंता तिनं तेव्हाच मांडली. आपल्या भागातल्या आदिवासींविषयीही तिनं आपुलकीनं लिहिलं. त्यांचीच जमीन बळकावून तिच्यासारख्यांचे मळे उभे राहिले होते, हेही इथे सांगायलाच हवं.

१८६९ मध्ये तिनं जेम्स कॅल्व्हर्ट यांच्याशी लग्न केलं. ऑस्ट्रेलियाचा अंतर्भाग धुंडाळणारा शोधप्रवासी लाइकहार्ट, त्याच्या १८४४ च्या गाजलेल्या मोहिमेत ते होते. एप्रिल १८७२ मध्ये मुलगी झाली आणि अठरा दिवसांत लुइझा अचानक गेली. वय अवघं अडतीस. तिची शेवटची कादंबरी 'सिडनी मेल'मध्ये क्रमशः आली ती तिच्या मृत्यूनंतर. या साप्ताहिकात अडकून पडलेल्या तिच्या कादंबऱ्या पुस्तकरूपात यायला १९८० चं दशक उजाडावं लागलं.