पत्र्याच्या शेडमधला माल

पुणे. सकाळचे साडेअकरा वाजलेत, पत्र्याची शेड आत्ताच तापायला लागलीये, आणि खाली जुना फ्लेक्स अंथरून कचरा वेचणाऱ्या चार मावश्या गोलात बसल्यात. मधे कोरड्या कचऱ्याचा ढीग. पहाटे निघून शंभर-दीडशे घरांचे जिने चढून उतरून झालेत, आणि खरं काम आत्ता सुरू होतंय.

हात बघा त्यांचे. पाण्याची बाटली आपण एक वस्तू समजतो, पण मावशी आधी झाकण फिरवून बाजूला टाकतात, कारण बाटलीचं प्लास्टिक वेगळं आणि झाकणाचं वेगळं, दोन्ही एकत्र वितळवली तर माल खराब निघतो आणि भाव पडतो. पुठ्ठा एका गोणीत, पांढरा कागद दुसऱ्या, रंगीत तिसऱ्या, पेपरची रद्दी वेगळी, पत्रा वेगळा. यासाठी इथं मशीन वगैरे काही नाही. प्लास्टिक हातात घेऊन चुरगाळलं की नुसत्या आवाजावरून कळतं कुठल्या गोणीत जाणार ते, आणि हे शिकायला वर्षं जातात हो.

काचेच्या बाटलीला तर फार जपतात. का? अख्खी बाटली धुऊन परत भरता येते, म्हणून ती नगावर विकली जाते. फुटली की ती फक्त काच, वजनावर जाणार, भट्टीत वितळणार. म्हणजे आपण घरून पिशवी धाडकन खाली टाकतो तेव्हा नेमकं काय फुटतं ते इथं बसल्यावर कळतं.

या शेडमागे मोठी गोष्ट आहे. १९९० च्या सुमाराला एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातल्या लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने कचरावेचकांच्या मुलांना शिकवायला वस्तीत जायला लागल्या, तेव्हा या बाया कुंडीत उतरून, कुत्र्यांशी झगडून, सडलेल्यातून कागद काढायच्या. मग विचार आला की हाच कागद घरातूनच वेगळा मिळाला तर? १९९३ मध्ये कष्टकऱ्यांचे नेते डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकारानं कचरावेचकांची परिषद भरली, आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली. ओळखपत्र आलं. ज्या बाईला सोसायटीच्या गेटवर चोर म्हणून हाकलायचे तिच्या गळ्यात कार्ड आलं, ही साधी गोष्ट नाहीये, मला तरी ती सगळ्यात मोठी वाटते.

पुढे २००८ मध्ये पुणे महापालिकेशी करार झाला आणि ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करायला लागली. आज ३,००० हून जास्त सभासद आहेत, त्यात बहुसंख्य बायका. प्रत्येक घर कचरा नेणाऱ्या बाईला महिन्याला ठरलेले पैसे देतं, आणि सुक्या कचऱ्यातून निघालेला माल विकून येणारे पैसे त्या बाईचे. दोन्हीवर मिळून तिचं घर चालतं. म्हणून गेटवर कुणी भारीतला पुठ्ठा आधीच काढून घेतला की तिच्या कमाईला कात्री लागते.

वापरता येईल ते मोडायचं नाही, हेही इथलंच. ‘स्वच्छ’चा ‘व्ही कलेक्ट’ नावाचा उपक्रम आहे, ठरलेल्या दिवशी लोक जुने कपडे, चपला, भांडी, खेळणी, बंद पडलेला मिक्सर असं आणून देतात. चांगलं असेल ते स्वस्तात परत कुणाच्या तरी घरी जातं, बाकीचं सुटं करून मालात.

आता ही पिशवी बघा. वरून कोरडा कचरा, आत हात घातला तर वरणभात, आणि त्या वरणात भिजलेला अख्खा पेपरचा गठ्ठा. गेला. चिप्सच्या पाकिटांचंही तसंच, प्लास्टिकला धातूचा पातळ थर चिकटलेला, तो सहजासहजी सुटत नाही, त्यामुळे घ्यायला सहसा कुणी तयार नसतं. असलं सगळं गाडीत भरून शहराबाहेर जातं, आणि पुण्याच्या कचरा डेपोशेजारच्या उरुळी देवाची, फुरसुंगीच्या लोकांना विचारा तो वास काय असतो, त्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केलीत.

आणि ही दुधाची पिशवी. हिला बाजारात मागणी आहे. पण कोपरा पूर्ण कापला की तो नखाएवढा तुकडा उडून जातो, तो वेचणं कुणालाच शक्य नाही. नुसती चीर द्यायची, तुकडा पिशवीला लटकू द्यायचा. मग आत पाणी घालून विसळायचं नि उलटी टांगायची, दहा सेकंदाचं काम आहे. नाही विसळली तर आंबते, आणि तो वास मावशींच्या बोटांना संध्याकाळपर्यंत, भाकरी खातानासुद्धा.

दीड वाजला. गोण्यांची तोंडं सुतळीनं शिवून झालीत, बाहेर टेम्पो लागलाय, काटा जमिनीवर मांडलाय. पहिली गोणी पुठ्ठ्याची. मावशी पदरानं तोंड पुसतात आणि काट्याच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहतात, आकडा स्वतः वाचायला.