हरलो म्हण, मग सांगते

(दृश्य : सांगलीचं मार्केट यार्ड. हळदीची पोती, हमालांची ये-जा, काट्यावर उमटणारे लाल आकडे.)

पोतं काट्यावर ठेवलं की आकडा उमटतो, दिवाणजी टिपून घेतात, पोतं पुढं सरकतं. यात डोक्याला ताप असा काही उरलेला नाही. तागडीच्या काळात मात्र होता, आणि त्या काळातलं एक कोडं अजून ऐकायला मिळतं.

एका अडत्याकडं एक मणाचं दगडी वजन होतं. मण म्हणजे चाळीस शेर. एके दिवशी ते हमालाच्या हातून निसटलं आणि त्याचे चार तुकडे झाले. अडत्यानं कपाळाला हात लावला. हमालानं तुकडे उचलून पाहिले, जरा विचार केला आणि म्हणाला, "मालक, नुकसान न्हाई, फायदा झालाय. आता एक शेरापास्नं चाळीस शेरापर्यंत म्हणाल ते वजन ह्या चार तुकड्यांवर करून देतो."

प्रश्न एवढाच, की ते तुकडे किती किती शेरांचे होते?

उत्तर येईल, पण आत्ता नाही. तुमच्या शेजारी बसलेल्या कुणाला ते माहीत असेल तर त्याला तेवढं गप्प बसवा.

(दृश्य : वाळवा तालुक्यातलं एक घर. सोप्यात आज्जी शेंगा फोडत बसल्यात. भोवती नातवंडं.)

जुन्या बायका कोड्याला हुमान म्हणतात, आणि हुमान घालायची वेळ रात्रीची. दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो, असं पोरांना सांगितलं जायचं. खरं कारण उघड आहे. दिवसा कामं पडलेली असायची. आज आपल्या कॅमेऱ्यासाठी आज्जींनी मामाला धोक्यात घातलंय.

"कांड्यावर कांडी, सात कांडी, वर समुद्राची अंडी. सांगा."

"ऊस!" धाकटा नातू दम न घेता ओरडतो. चारी बाजूला ऊसच ऊस बघत वाढलेल्या पोराला दुसरं काय सुचणार?

"उसाला अंडी असत्यात व्हय रं?"

"तुरा येतोय की वर!"

क्षणभर आज्जीही अडतात. पोराचं अगदीच चूक नाही. कांडी आहेत, वर काहीतरी आहे. मग त्या हातातली शेंग खाली ठेवतात. "तुरा वाऱ्यानं उडून जातोय. अंडी खाता याया पायजेत. अन् मोजाय बसलास तर रात सरंल, एवढी असत्यात."

मोठी नात मान खाली घालून पुटपुटते, "शाळू." ज्वारीचं ताट आणि वर दाण्यांनी भरलेलं कणीस. धाकट्याला ते मान्य नाही. त्याचा ऊस अजून जागचा हललेला नाही.

या दोन मिनिटांत बरंच काही झालं. आज्जींनी नुसतं 'चूक' म्हणून विषय संपवला नाही. पोराच्या उत्तरातली नेमकी कुठली बाजू लंगडी आहे ते दाखवलं आणि त्याच श्वासात नवा धागा हातात दिला. कोडं घालणाऱ्याचं कसब ते हेच. ओळी कुणीही पाठ करेल, पण उत्तर किती वेळ दाबून ठेवायचं आणि पोरं रडकुंडीला यायच्या जरा आधी कुठलं टोक सोडायचं, हे पाठांतरानं येत नाही.

"हिरवी पेटी काट्यात पडली, उघडून पाहिली तर मोत्यांनी भरली." भेंडी. "सुपभर लाह्या, त्यात एक रुपया." चांदण्या आणि चंद्र. "पाऊस नाही, पाणी नाही, रान कसं हिरवं, कात नाही, चुना नाही, तोंड कसं रंगलं?" पोपट. आणि "कोकणातनं आला भट, धर की आपट" याचं उत्तर आज्जी कॅमेऱ्यासमोर द्यायला तयार नाहीत, पोरं मात्र नाकाकडं बोट दाखवून लोळतायत. ज्यांना कळलं त्यांना कळलं.

कुणी फारच अडलं, तर आज्जींची एकच अट असते. "हरलो म्हण, मग सांगते." आणि हरलो म्हणायला कुणी तयार नसतं. पोरं तशीच अंथरुणात जातात, उत्तर न घेता.

(दृश्य : जुनी तागडी, दोन पारडी. शेजारी चार दगड.)

आता दगडाचं बघू. बहुतेक लोक एक, दोन, चार, आठ असे तुकडे धरतात आणि पंधरा शेरांवर अडकतात. कारण मनात एक गोष्ट पक्की बसलेली असते : वजनं एका पारड्यात, माल दुसऱ्या पारड्यात. ही अट कोड्यात कुठंच नव्हती. ती आपणच घालून घेतली.

वजन मालाच्या पारड्यातही ठेवता येतं, हे लक्षात आलं की गाठ सुटते. तुकडे एक, तीन, नऊ आणि सत्तावीस शेरांचे. दोन शेर हळद हवी? एका पारड्यात तीनचा तुकडा, दुसऱ्यात एकचा तुकडा आणि त्याच्यासोबत हळद. पाच हवी? इकडं नऊ, तिकडं तीन, एक आणि हळद. वीस? इकडं सत्तावीस आणि तीन, तिकडं नऊ, एक आणि हळद.

आणि चाळीसच का? प्रत्येक तुकड्याला जागा तीन. हे पारडं, ते पारडं, नाहीतर जमीन. चार तुकडे, म्हणजे तीन गुणिले तीन गुणिले तीन गुणिले तीन, एक्क्याऐंशी मांडण्या. त्यातली एक, जिथं चारही दगड जमिनीवर आहेत, ती सोडा. उरल्या ऐंशी. त्यातल्या निम्म्या म्हणजे पारड्यांची नुसती अदलाबदल. राहिल्या चाळीस. बरोबर एक मण.

हेच कोडं फ्रान्समध्ये बाशे नावाच्या गणित्यानं १६१२ साली आपल्या पुस्तकात छापलं. त्याच्याकडं चाळीस पौंड होते. आपल्याकडं चाळीस शेरांचा मण आधीच हजर होता, त्यामुळं कोड्याला इथं मुळीच परकं वाटलं नाही.

कावळ्यांच्या कोड्याचंही तसंच. झाडावरच्या थव्याला एका कावळ्यानं विचारलं, "तुम्ही शंभर आहात का?" ते म्हणाले, "आम्ही, आमच्याएवढे, आमच्या निम्मे, निम्म्याचे निम्मे, आणि तू एक, असे मिळून शंभर." शाळेतली पोरं लगेच क्ष मांडतात. पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, ज्यांच्या जिभेवर आहेत अशा एका निवृत्त गुरुजींनी तोंडीच सोडवून दाखवलं : तो एक काढला, राहिले नव्व्याण्णव. थव्याचे पाव मोजले तर चार, चार, दोन आणि एक, असे अकरा. अकरा पाव म्हणजे नव्व्याण्णव, तर एक पाव नऊ, आणि अख्खा थवा छत्तीस. कागद नाही, पेन्सिल नाही. युरोपात शार्लमेन राजाच्या दरबारी असलेल्या अल्क्विन या विद्वानाच्या नावावर एक लॅटिन संग्रह आहे, आठव्या शतकाच्या अखेरचा. त्यातही याच धाटणीचं कोडं आहे आणि त्याचंही उत्तर छत्तीसच. नदीपार करायच्या लांडगा, शेळी आणि कोबीचं कोडंही त्यातच. आपल्या कृष्णेवर लांडग्याचा वाघ झाला आणि कोबीचा गवताचा भारा.

(दृश्य : रात्र. गावची यात्रा. डफ आणि तुणतुण्याचा आवाज.)

मोठ्या माणसांचा कोड्यांचा खेळ चालायचा तो फडात. कलगीवाले शक्तीच्या बाजूचे, तुरेवाले शिवाच्या. पुराणातल्या, अध्यात्मातल्या गाठी कवनात बांधायच्या आणि समोरच्या फडाकडं टाकायच्या. ही भेदिक शाहिरी. उत्तर द्यायचं तेही कवनातच, तेही तिथल्या तिथं. सवाल-जवाबाची हीच रग तमाशातही उतरली. लावणीत ज्यांचं नाव अजून निघतं ते पठ्ठे बापूराव याच वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे, जन्म १८६६ चा.

(दृश्य : वाईचा घाट. वर पसरणीच्या बाजूला पावसाळी ढग.)

सातारा जिल्ह्यात वाईला तर्काचा अभ्यास हा काही मंडळींचा पोटापाण्याचा आणि पुण्याईचा उद्योग होता. इथल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या पदवीतच तर्क आहे. न्यायशास्त्राचं, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या तर्कशास्त्राचं, ठरलेलं उदाहरण सगळ्यांना ठाऊक असतं : डोंगरावर आग आहे, कारण तिथं धूर दिसतो, जिथं धूर तिथं आग, जशी स्वयंपाकघरात. पण श्रावणात वाईला उभं राहून डोंगराकडं बघा. तो धूर आहे की धुकं? धुक्याला धूर समजलात तर पुढची प्रत्येक पायरी बिनचूक चढूनही तुम्ही चुकीच्याच जागी पोचता. शास्त्री लोक त्याला हेत्वाभास म्हणतात. चांगलं तर्ककोडं रचणारा नेमकं हेच धुकं सोडत असतो.

(दृश्य : साताऱ्यात राजवाड्याजवळ सकाळचा चहा. बाकावर वर्तमानपत्र, त्यावर पेन.)

शब्दकोडं मूळचं न्यूयॉर्कचं, २१ डिसेंबर १९१३ चं, आर्थर विन यांनी रचलेलं. मराठीत आल्यावर मात्र त्याचा स्वभाव बदलला. इंग्रजीत घराला एक अक्षर, सुटं. आपल्याकडं एका घरात काना-मात्रेसकट अख्खं अक्षर बसतं. 'लक्ष्मी' दोन घरांत मावते : ल आणि क्ष्मी. आता तो क्ष्मी उभ्या शब्दातही बसवून दाखवा! 'सातारा' आडवा लिहिला तर मधल्या घरातून खाली 'ता'च निघणार. तालीम चालेल, ताक चालेल, पण तवा चालणार नाही. कोडं रचणाऱ्याची खरी कसरत ती. सोडवणाऱ्याचा त्यात फायदा, कारण एक घर भरलं की पुढच्या शब्दाचा अर्धा पत्ता लागतो.

एक काळ असा होता की शब्दकोड्यांवर मोठाल्या रकमांची बक्षिसं लागायची, आणि प्रवेश फी भरून लोक कूपनांचे गठ्ठे पाठवायचे. मेख अशी, की एका सूचनेला दोन शब्द फिट बसायचे. संयोजकाच्या पाकिटात त्यातला कुठला आहे, हे बुद्धीनं कसं कळणार? १९५५ साली केंद्रानं कायदा करून अशा स्पर्धांच्या बक्षिसांवर महिन्याला एकूण हजार रुपयांची मर्यादा घातली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९५७ मध्ये कौशल्याचा खेळ वेगळा, नशिबाचा वेगळा, अशी रेघ ओढली गेली. बाकावरच्या मंडळींना बक्षिसाशी कर्तव्य नाही. त्यांचा वाद शेजारी बसून न विचारता उत्तर सांगणाऱ्याशी आहे, आणि त्यात माझी सहानुभूती पेनवाल्याला. सुडोकूचं पान तेवढं दुसऱ्या गटाकडं जातं. तिथं बोलायची सोय नसते.

सांगलीत बुद्धिबळाची चर्चा टाळून पुढं जाता येत नाही. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ यांच्यामुळं या गावात घोडा अडीच घरं कसा चालतो हे पोरांना लवकर कळतं. त्यांच्यासाठी एक जुना खेळ : घोड्यानं चौसष्ट घरं फिरायची, एकाही घरावर दुसऱ्यांदा पाय न ठेवता. नवव्या शतकात काश्मीरच्या रुद्रट या काव्यशास्त्र लिहिणाऱ्या पंडितानं अर्ध्या पटावर, बत्तीस घरांत, एक श्लोक मांडला. ओळीनं वाचा किंवा घोड्याच्या चालीनं वाचा, श्लोक तोच.

(दृश्य : सातारा एसटी स्टँड. गाडीची वाट बघणारी कॉलेजची मुलं.)

गाडी उशिरा असली की इथं नंबरप्लेटा कामाला येतात. आलेल्या गाडीचे चार अंक घ्यायचे. समजा ३५२४. मोठ्यात मोठी संख्या करा, ५४३२. लहानात लहान, २३४५. वजा करा : ३०८७. पुन्हा तसंच, ८७३० वजा ०३७८ : ८३५२. पुन्हा, ८५३२ वजा २३५८ : ६१७४. आता आणखी एकदा करून पाहा, पुन्हा ६१७४ च. चारही अंक सारखे नसले, तर कुठल्याही संख्येवरून निघा, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तुम्ही इथंच येऊन थांबता. हे शोधलं डहाणूत जन्मलेल्या आणि देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी, आणि १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं. कोल्हापूर गाडी लागली, तरी एका मुलीची पाचवी वजाबाकी चालूच आहे. मैत्रीण तिची बॅग ओढतेय.

(दृश्य : मिरज तालुक्यातली एक शाळा. फरशीवर चिंचोके मांडलेले.)

गुरुजींनी कोडं घातलंय. तीन देवळं, प्रत्येक देवळापुढं एक तळं. तळ्यात फुलं बुडवली की दुप्पट होतात. प्रत्येक देवाला सारखीच फुलं वाहायची, आणि तिसऱ्या देवळातून निघताना हातात एकही उरता कामा नये. किती फुलं न्यायची, किती वाहायची?

चिंचोके पुढं-मागं सरकतायत. एका गटानं शेवटच्या देवळापासून उलटं यायला सुरुवात केलीय, आणि त्यांना लवकर सापडतं : सात न्यायची, आठ वाहायची. सातची झाली चौदा, वाहिली आठ, उरली सहा. सहाची झाली बारा, वाहिली आठ, उरली चार. चारची झाली आठ, आठही वाहिली. दुसरा गट हट्टानं म्हणतो, चौदा आणि सोळा पण येतंय. गुरुजी तेही फळ्यावर लिहितात.

मागून एक मुलगी हात वर करते. "गुरुजी, एकपण न्हाई न्यायचं. शून्य. दुप्पट शून्य, वाहिली शून्य, उरली शून्य."

वर्ग गप्प. गुरुजी खडू हातात धरून फळ्याकडं बघतात, मग तिच्याकडं, आणि सगळ्यात खाली शून्य लिहितात.

पुढच्या रांगेतला एक जण वळून तिला विचारतो, "मग देवळात जायचं कशाला?"

"पाया पडायला."