मायग्रेनमध्ये मान मोकळी करून घेतली तर डोकं थांबतं का?

नमस्कार. मायग्रेन असलेल्यांचा हात डोकं ठणकायला लागलं की आपसूक इथे जातो. (हात मानेमागे, कवटीच्या खालच्या कडेवर) मान आखडलेली असते, खांदे भरून आलेले असतात. वाटतं, कुणीतरी ही मान मोकळी करून द्यावी, म्हणजे डोकं थांबेल. मसाज, फिजिओथेरपी, कायरोप्रॅक्टिक (म्हणजे मणक्यांना हाताने झटके देणं) हे हाताने करायचे उपचार लोक म्हणूनच करून बघतात.

मानेचा संबंध खोटा नाही. चेहरा आणि मेंदूची आवरणं यांच्या वेदना वाहून नेणारी ट्रायजेमिनल नस आणि मानेतल्या सगळ्यात वरच्या तीन नसा ब्रेनस्टेमपाशी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू जोडणाऱ्या भागापाशी, एकाच ठिकाणी येऊन मिळतात. त्यामुळे मानेतलं दुखणं डोक्यात जाणवतं आणि डोक्यातलं मानेत. पण गफलत इथेच होते. पुष्कळदा मान आखडणं हे मायग्रेनचं कारण नसतंच, तो अटॅकचाच भाग असतो. अटॅक आत सुरू झालेला असतो आणि मान आधी दुखायला लागते.

आता एक अभ्यास सांगते, कारण मला तो फार महत्त्वाचा वाटतो. २०१७ साली नॉर्वेतल्या संशोधकांनी मायग्रेनच्या १०४ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाला मणक्यांवर खरे कायरोप्रॅक्टिक झटके दिले. दुसऱ्याला लुटुपुटूचे, म्हणजे खांद्याच्या फऱ्याच्या कडेला किंवा कुल्ल्यावर नुसता दाब. तिसरा गट नेहमीच्या औषधांवर. तीन महिन्यांत १२ बैठका झाल्या आणि तिन्ही गटांत मायग्रेनचे दिवस कमी झाले! नंतर औषधवाला गट पुन्हा मूळ पदावर आला, पण खरा आणि लुटुपुटूचा उपचार घेतलेल्यांचा फायदा टिकला. दोघांचाही, सारखाच. म्हणजे रुग्णांना बरं वाटलं हे खरं, पण ते मणका ‘जागेवर बसवल्यामुळे’ वाटलं असं म्हणता येत नाही. ‘तुमचा मणका सरकलाय, मी बसवतो, मायग्रेन जाईल’ असं कुणी सांगितलं, तर तिथून सरळ उठा.

मानेला कटकन झटका देण्याबद्दल मला आणखी काळजी वाटते. क्वचितच, पण मानेतल्या रक्तवाहिनीचं आतलं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. ज्याचा खास फायदा सिद्ध झालेला नाही, त्यासाठी ही जोखीम का घ्यायची? मी तरी घेणार नाही.

मग हात लावूच द्यायचा नाही का? तसं नाही. दोन अटॅकच्या मधल्या काळातही मान दुखत असेल, वळवताना अडकत असेल, तर सौम्य उपचारांनी आराम पडू शकतो. तुम्ही उताणे झोपता, थेरपिस्ट बोटांची टोकं कवटीच्या कडेखाली ठेवतो आणि डोक्याचं वजन हळूहळू त्यावर येऊ देतो. कसला आवाज नाही, हिसका नाही. जोडीला मानेचे व्यायाम हवेतच.

अटॅक चालू असताना मात्र जपून. तेव्हा कित्येकांना केसांतून कंगवासुद्धा सहन होत नाही, तिथे मसाज कसा सोसणार?

आणि डोकं क्षणात असह्य फुटायला लागलं, बोलणं अडखळलं, एका बाजूची ताकद गेली, किंवा कधी नव्हे अशी मान दुखून चक्कर आली, तर थेरपिस्टकडे नाही, थेट इमर्जन्सीत जा.

उपचार सुरू करायच्या आधी महिनाभर वही ठेवा: कुठल्या दिवशी दुखलं, किती तास, कुठली गोळी घेतली. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ दिवस किंवा ट्रिप्टान, म्हणजे मायग्रेनच्या अटॅकवरच्या खास गोळ्या, १० दिवस लागत असतील, तर गोळ्यांमुळेच डोकं दुखत असण्याची शक्यता असते, आणि ते मालिशने जाणार नाही. डॉक्टरांनी दिलेली औषधं परस्पर बंद करू नका. दोनएक महिने उपचार घेऊन वहीतले दिवस तेवढेच राहिले, तर थेरपिस्टला तसं सांगून थांबा आणि ती वही घेऊन न्यूरोलॉजिस्टकडे जा.