निगमच्या पावतीने मालकी सिद्ध होत नाही

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘घर घेताना आणि विकताना’. त्यावर बोलणारच आहे. पण आधी एक गोष्ट बोलल्याशिवाय मला राहवत नाही.

आपल्या इंदुरात ‘घर कुणाच्या नावावर?’ असं विचारलं की समोरचा संपत्तिकराची पावती काढतो. निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, खात्यात नाव आहे, नामांतरण झालंय, आणखी काय पाहिजे? पाहिजे. नामांतरणाने मालकी मिळत नाही. कर कुणाकडून वसूल करायचा, एवढ्यापुरतीच ती नोंद. सर्वोच्च न्यायालयाने हे वारंवार सांगितलंय, 2021 मध्ये तर आपल्या मध्य प्रदेशातल्याच एका प्रकरणात. मालकी येते ती रजिस्ट्रीने (म्हणजे नोंदवलेल्या खरेदीखताने), बक्षीसपत्राने, वाटणीने, मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने. आणि घोळ होतो तो बहुतेक वेळा या शेवटच्यातच.

रामबागेतलं एक जुनं घर डोळ्यांसमोर आणा. वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेलं. 1998 मध्ये ते मृत्युपत्र न करता गेले. मागे आई, दोन मुलगे, आणि लग्न होऊन पुण्याला गेलेली मुलगी. थोरल्याने मृत्यूचा दाखला आणि शपथपत्र देऊन निगममध्ये स्वतःचं नाव चढवलं, इतकी वर्षं कर इमानेइतबारे भरला. पुढे आईही गेल्या. आता घर विकायला काढलंय. ताईंची सही कुठाय म्हटलं, की उत्तर तयार: ‘मुलींचा कायदा 2005 चा, वडील त्याआधीच गेले. आणि तिच्या लग्नात काय कमी खर्च केला?’ हे वाक्य किती जणांनी ऐकलंय? हात वर करू नका, शेजारी भाऊ बसलेला असेल.

वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासून आहे. 2005 ची दुरुस्ती वडिलोपार्जित मिळकतीतल्या जन्मसिद्ध हक्काबद्दल आहे, आणि तिथेही वडील तेव्हा हयात असायलाच हवेत असं नाही, हे 2020 मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलंय. लग्नाच्या खर्चाने हिस्सा फिटत नाही.

आता हिशेब. वडील गेले तेव्हा वारस चार, प्रत्येकी पाव हिस्सा. आईंनीही मृत्युपत्र केलं नव्हतं, म्हणून त्यांचा पाव तिन्ही मुलांत गेला. ताईंचा हिस्सा झाला एक तृतीयांश. थोरल्याने एकट्याने रजिस्ट्री करून दिली तर घेणाऱ्याच्या पदरात घराचा तिसरा हिस्सा पडतो आणि मागून वाटणीचा दावा. पैसे मात्र पूर्ण घराचे गेलेले!

ताईच हयात नसतील तर? इथे चांगले चांगले वकीलही घाई करतात. त्या वडिलांच्या आधी गेल्या असतील तर त्यांच्या मुलामुलींच्या सह्या लागतात. वडिलांच्या नंतर, मृत्युपत्र न करता गेल्या असतील, तर भावोजींचीही लागते, कारण ताईंचा हिस्सा मुलांबरोबर नवऱ्याकडेही जातो. म्हणून वंशावळीत प्रत्येक नावापुढे मृत्यूची तारीख लिहून घ्या.

ताईंना हिस्सा नकोच असेल तर हक्कत्यागपत्र करा, पण ते रजिस्टर झालेलं हवं. नोटरीसमोरच्या संमतिपत्राने हक्क सुटत नाही. त्यांच्या वतीने कुणी मुखत्यारपत्रावर सही करणार असेल, तर त्या हयात असल्याची रजिस्ट्रीच्या दिवशी खात्री करा. देणारा गेला की असलं मुखत्यारपत्र संपतं. आणि निव्वळ मुखत्यारपत्रावर घर ‘विकत’ घेऊ नका. त्याने मालकी मिळत नाही, हे 2011 पासून पक्कं आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. बाकीचं भरभर सांगतो.

मागच्या निदान तीस वर्षांच्या दस्तांची साखळी मागा आणि मूळ कागद पाहा. नुसत्या झेरॉक्स दाखवत असतील तर मूळ बँकेत गहाण आहेत का ते विचारा. कर्ज असेल तर बँकेचं थकबाकीचं पत्र घ्या, तेवढा चेक थेट कर्जखात्यात भरा. प्लॉट असेल तर डायवर्शन (शेतजमिनीचा वापर बदलल्याचा कागद) आणि नगर तथा ग्राम निवेशचा, म्हणजे नगररचना खात्याचा, मंजूर नकाशा पाहा. नोटरीवर विकलेल्या कॉलनीत नंतर बांधकामाचा नकाशा पास करताना अडतं. विकास प्राधिकरणाचा लीजचा (भाडेपट्ट्याचा) प्लॉट असेल तर लीजची मुदत आणि लीज-रेंटची बाकी आधी पाहा. नव्या फ्लॅटला रेराचा (बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाचा) नंबर आणि करारात कार्पेट एरिया, म्हणजे भिंतींच्या आतली वापराची जागा, पाहा; जिना-लॉबीचा वाटा धरलेल्या सुपर बिल्टअपवर भाव ठरवू नका.

बयाना चेकने द्या, सौदाचिठ्ठीत सगळ्या वारसांची नावं घाला. वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो, हे विकणाऱ्यांनी ऐकावं. किंमत किंवा गाइडलाइनचं (सरकारी दराचं) मूल्य पन्नास लाख वा जास्त असेल तर घेणाऱ्याने एक टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या नावचा प्राप्तिकर, कापायचा आणि कापला तो महिना संपल्यापासून तीस दिवसांत भरायचा. विकणारा अनिवासी असेल तर हा एक टक्क्याचा नियम लागू नाही, बराच जास्त कापावा लागतो. सीएला आधी विचारा. विकणाऱ्यांनो, घर दोन वर्षांहून जास्त काळ तुमचं असेल तर नफा दीर्घकालीन धरतात. 23 जुलै 2024 च्या आधी घेतलेलं असेल तर निवासी व्यक्तीने 12.5 टक्के कर आणि इंडेक्सेशनसह (महागाईनुसार खरेदीची किंमत वाढवून) 20 टक्के कर असे दोन्ही हिशेब करून बघावेत.

शेवटचा हप्ता ताब्याच्या दिवशीच द्या: विजेच्या मीटरचं रीडिंग, पाण्याची आणि संपत्तिकराची बाकी, सोसायटीचं ना-हरकत, सगळं हातात आल्यावर. मग नामांतरणाचा अर्ज करा. प्रश्न विचारा आता, वारसांचे आधी घेतो.