अर्धा पौंड साखर आणि बारा कोनांचं नाणं

पडद्यावर दिसतंय ते कॅनडाचं पाच सेंटचं नाणं, १९४३ सालचं. एरवी हे निकेलचं असायचं, लोक त्याला ‘निकेल’च म्हणत. पण दुसऱ्या महायुद्धात निकेल युद्धसामग्रीला हवं होतं, म्हणून नाणं टॉम्बॅक या पितळेसारख्या मिश्रधातूचं पाडलं. रंगामुळे एका सेंटशी गल्लत होऊ नये म्हणून ते बारा कोनांचं केलं. मधला ‘व्ही’ विजयाचा, आणि रोमन पाचाचाही. कडेचे बारीक ठिपके आणि रेघा दिसताहेत ना? ती नक्षी नाही, मोर्सची लिपी आहे. तिचा अर्थ असा, की आपण मनापासून काम करतो तेव्हा जिंकतो. गोळ्या-चॉकलेटं घ्यायला निघालेल्या पोराच्या मुठीत सरकारने हा निरोप ठेवला होता!

१० सप्टेंबर १९३९ ला कॅनडा युद्धात उतरला. त्याआधीची दहा वर्षं मंदीत गेलेली. प्रेअरीत, म्हणजे गव्हाच्या मैदानी मुलखात, दुष्काळ, शहरांत बेकारांच्या रांगा. युद्धाने हाताला काम दिलं. गंमत बघा, इतक्या वर्षांनी खिशात पैसा खुळखुळू लागला, तर दुकानात घेण्यासारखं फारसं उरलं नाही. अशा वेळी भाव भडकायचेच. म्हणून डिसेंबर १९४१ पासून सरकारने बहुतेक मालाचे भाव गोठवले, पगारही गोठवले. १९४२ मध्ये आधी पेट्रोल, मग साखर, चहा, कॉफी, लोणी असं एकेक कुपनावर गेलं. पुढच्या वर्षी मांस. साखर माणशी आठवड्याला अर्धा पौंड. जॅम-मुरांबे घालणाऱ्यांना थोडी जादा मिळे.

मुंबईतही १९४३ मध्ये रेशनिंग आलं, तेव्हा कुपन म्हणजे काय हे आपल्या आज्यांना समजावावं लागलं नसतं. फरक एवढाच, की कॅनडात गहू उदंड होता. लोणी-मांस मोजून खायचं, कारण ब्रिटनला जहाजं भरून अन्न पाठवायचं होतं. त्याच वर्षी बंगालात माणसं भुकेने मरत होती. त्यामुळे कॅनडाच्या रेशनला ‘हाल’ म्हणताना माझी जीभ अडखळते.

भाव बांधणं कागदावर सोपं. ते राखले कुणी? माझ्या मते बायकांनी. भाव बांधणाऱ्या सरकारी किंमत मंडळाच्या ग्राहक शाखेची सूत्रं बर्न होप सँडर्स या महिला-मासिकाच्या संपादिकेकडे होती. हजारो गृहिणी हातात छोटी वही घेऊन बाजारात जायच्या, भाव टिपायच्या, वाण्याने चढा लावला की कळवायच्या. वाण्याशी घासाघीस करणाऱ्या बाईला सरकारने अधिकृत काम दिलं, असंच म्हणा ना.

कारखान्यांतही त्याच. टोरांटोत त्या ब्रेन मशिनगन बनवत होत्या. फोर्ट विल्यममध्ये हरिकेन लढाऊ विमानं बनत, आणि तिथली मुख्य अभियंता होती एल्सी मॅकगिल. पोलिओमुळे काठीच्या आधाराने चालणारी. बायकांनी कामावर यावं म्हणून १९४२ मध्ये केंद्र सरकारने ओंटारिओ आणि क्विबेक या प्रांतांबरोबर अर्धाअर्धा खर्च वाटून पाळणाघरं उघडली. युद्ध संपताच पैसा बंद झाला. क्विबेकमधली पाळणाघरं लगोलग मिटली. टोरांटोतल्या आया मात्र भांडल्या, म्हणून ओंटारिओत त्यासाठी १९४६ मध्ये कायदा झाला.

सक्तीच्या सैन्यभरतीवरून क्विबेक आणि बाकी देश यांच्यात काय फाटलं, ते वेगळ्या व्याख्यानात सांगेन.

एक घर मात्र राहून जाऊ नये. १९४२ मध्ये ब्रिटिश कोलंबिया या पश्चिमेकडच्या प्रांताच्या किनाऱ्यावरून सुमारे २२ हजार जपानी वंशाच्या लोकांना हुसकावलं. बहुतेक कॅनडाचेच नागरिक, कितीतरी तिथेच जन्मलेले. अनेकांना आधी व्हँकुव्हरच्या हेस्टिंग्ज पार्कमध्ये, जिथे जत्रेत गुरं बांधत त्या गोठ्यांमध्ये ठेवलं, मग डोंगरांतल्या ओसाड खाणगावांत पाठवलं. घरं, शेतं, मासेमारीच्या होड्या सरकारने ‘सांभाळायला’ घेतल्या आणि मालकांना न विचारता विकून टाकल्या. आलेल्या पैशातून त्यांच्याच नजरकैदेचा खर्च वळता केला. युद्ध १९४५ मध्ये संपलं, पण किनाऱ्यावर परतायची मुभा मिळाली १ एप्रिल १९४९ ला. तोवर त्यांच्या स्वयंपाकघरात दुसऱ्याच कुणाचा चहा उकळत होता.