कुंपणाच्या आतलं काएना

हवाईतल्या ओआहू बेटाचं हे पश्चिमेकडचं टोक, काएना पॉइंट. डांबरी रस्ता मागेच संपला. पुढचे चारेक किलोमीटर चालत. माणूस गेला की त्याचा आत्मा इथल्या खडकावरून पलीकडच्या जगात उडी घेतो, असं हवाईचे मूळ लोक मानत आले. म्हणून इथे गोंगाट करायचा नाही, असं इथे कामाला आलेल्या मुलांना बजावलेलं असतं. पण मुलंच ती.

समोर जाळीचं कुंपण. माणसाहून उंच, वरून बाहेर वळवलेलं, खालून जमिनीत गाडलेलं. जाळी इतकी बारीक, की उंदराचं पिल्लूही शिरू नये. दारं दोन, एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. २०११ मध्ये हे कुंपण पूर्ण झालं.

अडवायचं कुणाला? उंदरांना, मांजरांना, कुत्र्यांना. आणि मुंगसाला. हो, आपल्याच मुंगसाला! उसातले उंदीर मारायला १८८३ मध्ये ते जमैकाहून हवाईत आणलं, आणि जमैकात गेलं होतं भारतातून. उंदीर काही संपले नाहीत. मुंगसाला मात्र जमिनीवरची अंडी आयती मिळाली.

अंडी कुणाची, तर मोलीची. मोली म्हणजे लेसन अल्बट्रॉस, एक समुद्रपक्षी. पंख पसरले की दोन मीटर, हंगामात अंडं एकच, तेही उघड्यावर. एकेकाळी याच वाळूच्या टेकड्यांवरून जीपगाड्या उधळायच्या. १९८३ मध्ये हा भाग राखीव झाला, मग मोठमोठे दगड टाकून गाड्यांची वाट बंद केली.

आता मुलं कामाला लागलीत. उपटायचंय ते झुडूप जवळून बघा: बारीक पानं, पांढरी गोंड्यासारखी फुलं, चपट्या शेंगा. ओळखलंत ना? सुबाभूळ. मूळचं मेक्सिकोकडचं, आपण शेळ्यांना घालतो तेच. कोआ हे हवाईचं मूळचं झाड; याला इथे हाओले कोआ म्हणतात, परका कोआ. कापलं की बुंध्यातून पुन्हा फुटतं, म्हणून रोप लहान असतानाच मुळासकट काढायचं. एक मुलगी टाच रोवून ओढतेय. सोटमूळ हलत नाही. मैत्रीण मागून तिची कंबर धरते. कट्! दोघी वाळूत बसल्या, हातात अर्धंच मूळ. उरलेलं आता खणून काढा.

मोकळ्या जागेत ओहाई लावायचं. हे हादग्याचं भावंड, पण जमिनीलगत पसरणारं, रुपेरी लवेच्या पानांचं. हवाईबाहेर ते कुठेच उगवत नाही. खड्डा ओंजळीएवढा. पाणी पाठीवरून वाहून आणलेलं, त्यामुळे बेतानेच.

मोलीचं पिल्लू उडायला निघण्याआधी पोटातलं न पचलेलं ओकून टाकतं. तो वाळका गोळा मुलं चिमट्याने सोडवतात. माकुळाच्या काळ्या चोची निघतात, एक, दोन, सात. मग दोऱ्याचा गुंता. मग बाटलीचं निळं झाकण. एक मुलगा ते पुसून उजेडात धरतो, त्यावरची अक्षरं लागतात का बघतो.