रात्री कुठं झोपता?

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायला येताना एक कागद सोबत आणलाय. औषधाची साधी चिठ्ठी आहे. वाचते. "गोळी सकाळी नाश्त्यानंतर. पाय उशीवर घेऊन झोपणे. जखम कोरडी ठेवणे, एक दिवसाआड ड्रेसिंग. आठ दिवस विश्रांती." खाली सही माझीच. नाश्ता, उशी, कोरडी जागा, आठ दिवसांचं अंथरूण... चार ओळींत अख्खं घर गृहीत धरलंय मी. आणि ज्यांच्या हातात हा कागद दिला, ते आजोबा सांगलीच्या एसटी स्टँडवर राहत होते.

आजोबा म्हणते खरी, पण केसपेपरवर वय निघालं बावन्न. मार्केट यार्डात हळदीची पोती वाहिलेला माणूस. आधी कंबर गेली, मग काम, मग भाड्याची खोली. डाव्या घोट्याच्या वर तळहाताएवढी जखम, दोन वर्षांची, आणि तीत हळद भरलेली. सांगलीत जखमेत हळद भरू नका म्हणणं म्हणजे पंढरपुरात बुक्का लावू नका म्हणण्यासारखं आहे. तरी सांगते, जुन्या जखमेत भरू नका. मी विचारलं, पाय वर घेऊन झोपता का? ते हसले. "आडवं व्हायला तर पायजे न्हवं, डॉक्टरीणबाई. आडवं झालं की काठी बसती."

म्हणजे हा माणूस दोन वर्षं बसून झोपत होता. याचा शरीरावर काय परिणाम होतो ते जरा सविस्तर सांगते, कारण स्टँडवर, फलाटावर बसलेले सुजलेले पाय आपण सगळेच बघतो आणि पुढे जातो. पायातलं रक्त वर चढवायचं काम पोटरीचे स्नायू करतात, चालताना ते पंपासारखे दाबले जातात. रक्त परत खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये बारीक झडपा असतात. रात्री आपण आडवे होतो तेव्हा या सगळ्या यंत्रणेला सुट्टी मिळते. रोज रात्र पाय लोंबकळत गेली तर ती सुट्टी मिळतच नाही. रक्त खाली साचतं, शिरा फुगतात, झडपा निकामी होतात. घोट्याच्या वरची कातडी आधी काळवंडते, मग कडक होते, आणि एके दिवशी बाकाचा कोपरा लागायचं निमित्त होतं. ती जखम भरत नाही. उन्हाळ्यात माश्या बसतात, अळ्या होतात. आणि एकदा गेलेली झडप पुन्हा येत नाही. पुढे घर मिळालं तरी पाय तोच राहतो.

झोपेचं तसंच आहे. पिशवी चोरीला जाईल म्हणून एक डोळा उघडा ठेवून झोपायचं. अशी तुकड्यातुकड्यांची झोप वर्षानुवर्षं झाली की रक्तदाब चढतो, साखर बिघडते, माणूस चिडका किंवा सुन्न होतो. मग लोक म्हणतात, वेडाच आहे. बायकांचं तर विचारूच नका. मिरज स्टेशनबाहेर एक मावशी असायच्या, रात्रभर जाग्या, दिवसा गर्दीत डुलक्या काढणाऱ्या. अंधारात लघवीला जायची भीती, म्हणून दुपारनंतर पाणीच पीत नसत. मूत्रमार्गाचा संसर्ग बरा व्हायचा आणि पुन्हा यायचा. मी गोळ्या बदलत राहिले. पाण्याचा प्रश्न विचारायला मला दीड वर्ष लागलं, हेही कबूल करते.

मिरजेत बसून क्षयाबद्दल बोललं नाही तर वानलेसवाडीचं जुनं क्षयरुग्णालय रागावेल. एकेकाळी इथली कोरडी हवा मानवते म्हणून दुरून क्षयाचे रोगी यायचे. आज औषध मोफत आहे, साध्या क्षयाला सहा महिन्यांत गुण येतो. शिवाय पोषणासाठी सरकार महिन्याला १००० रुपये बँक खात्यात घालतं. पण खात्याला कागद लागतात, आणि कागद पिशवीत होते, ती पिशवी गेली. गोळ्याही तिच्यातच. दोन महिन्यांत खोकला थांबतो, माणूस कामाच्या शोधात दुसऱ्या गावी जातो, कोर्स तुटतो. परत येतो तेव्हा साध्या औषधाला दाद न देणारा क्षय सोबत घेऊन. गोळी चुकली तर आशाताई घरी जाऊन चौकशी करते. केसपेपरवर पत्ता 'पुलाखाली' असेल तर ती कुठल्या दारात जाणार?

२०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फूट ओलांडले, ते दिवस तुम्हाला आठवत असतील. छावणीत राहिलेल्या बऱ्याच श्रोत्यांना तेव्हा पंधरा दिवसांत कळलं, ओल्या पायांना खरूज आणि चिखल्या किती लवकर होतात. आपण घरी परतलो, चुना मारला, पंचनामे झाले. पंचनामा घराचा होतो. नदीकाठी उघड्यावर झोपणाऱ्याचं काय वाहून गेलं, ते कुठल्या रकान्यात लिहिणार?

इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१८ साली मृत्यू पावलेल्या बेघरांचा सरकारी हिशेब मांडला गेला. पुरुषांचं मृत्यूसमयीचं सरासरी वय ४५, बायकांचं ४३. बाकीच्या लोकांत हेच आकडे ७६ आणि ८१ होते. तिथे नशेच्या पदार्थांचा वाटा मोठा होता, आपल्याकडचं चित्र हुबेहूब तसं नाही. पण बावन्नाव्या वर्षी आजोबा दिसणारा माणूस बघितला की तो आकडा परका वाटत नाही. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत देशभरात १७ लाखांवर बेघर मोजले गेले. शहरात लाख लोकवस्तीमागे किमान १०० जणांची सोय होईल एवढा कायमचा निवारा असावा, असा सरकारी निकष आहे. आपली सांगली-मिरज-कुपवाड महापालिका त्याच जनगणनेत पाच लाखांची होती. हिशेब तुम्हीच करा.

आजोबांचं सांगायचं राहिलं. यार्डातल्या त्यांच्या जुन्या मुकादमानं ओळखीच्या गोदामात रात्री राखणीला ठेवून घेतलं, खाट दिली. मी खूश झाले. महिन्यानं बघते तर सूज तशीच. मुकादमाला विचारलं, तर तो म्हणाला, "बाई, खाट हाय, पण त्यो भिंतीला टेकून बसूनच झोपतोय. मांडीवर पिशवी." मग त्यानंच डोकं लढवलं. खाट काढली आणि गोदामाच्या मधोमध, चारी भिंतींपासून लांब गादी घातली. पिशवीला आतल्या खोलीत खिळा ठोकला आणि कुलपाची किल्ली आजोबांच्या गळ्यात अडकवली.

जखम आता रुपयाएवढी उरली आहे.